भुशाचं पारडू

पौषातल्या गारठ्यात पारडू गेलं. चार दिवसांचं.
नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.
रुबाब तडवी सायकलवरून उतरला तो सुरी घेऊनच;
म्हणाला, एकात दोन कामं होतील.

लेकराच्या अंगातून ओला सदरा काढावा
तसं त्यानं कातडं उतरवलं.
मी आतून मीठ चोळून भुसा दाबला,
आईनं सुतळीनं टाके घातले,
चार काठ्यांचे चार पाय.
गोठ्यात उभं केलं.
म्हशीनं हुंगलं. चाटलं.
आणि पान्हा सोडला.
मी मान खाली घालून बादली धरली.

उरलं ते, लाल-निळं, माश्यांच्या हवाली झालेलं,
पोत्यात भरून आम्ही अनेरच्या काठी नेलं,
जिथून कोल्ह्यानं माझी दोन करडं उचलली होती.

रुबाब सांगायचा:
मढ्यापाशी चाप लावतो तो नवखा.
कोल्हा आधी वाऱ्याला विचारतो.
मग लांबून एक फेरी. मग दुसरी.
मढ्यावर कावळे बसलेत का बघतो,
बांधावरच्या एका दगडावर मुततो
आणि तिथंच उभा राहून विचार करतो.
चाप तिथं. त्याच्या विचाराच्या जागी.

लोखंड कडुनिंबाच्या पाल्यात उकळलं.
हात कोपरापर्यंत राखेनं घासले, रोज, दोनदा.
तंबाखू बंद. बिडी बंद.
आणि भरीत बंद, म्हणाला,
काड्यांचा धूर पंधरा दिवस नखांतून जात नाही.
ऐन हिवाळ्यात!
मळ्यामळ्यात वांगी भाजली जात होती,
बडगीत मिरच्या ठेचल्या जात होत्या,
आणि मी कळण्याची भाकर कोरडी चावत
घरात बसलेलो.
"तो येडा नही शे," रुबाब म्हणे,
"तुना हात त्याले सगयं सांगस."

पहिली रात्र. काही नाही.
दुसरी. मढ्याचा एक कान गेला.
तिसरी, चौथी: कावळे, घार,
आणि वेडू कोळ्याचं लंगडं कुत्रं,
ते आम्ही ढेकळं मारून हाकललं.
पाचव्या दिवशी फॉरेस्टचा गार्ड फटफटीवरून आला,
तेव्हा नाकाला उपरणं लावून
आम्ही त्याच्याशी कापसाच्या भावाबद्दल बोललो.
सहाव्या रात्री नदीपलीकडून कोल्हेकुई.
हसल्यासारखी नव्हती. मोजल्यासारखी होती.

सातव्या पहाटे म्हैस रेकत होती.
गोठ्यात एक काठी, थोडी सुतळी.
भुशाची रेघ अंगणातून,
लोटन आप्पाच्या हरभऱ्यातून,
बांधावरच्या त्या दगडाला वळसा घालून,
चापापासून हातभर अंतर राखून
थेट वाळूत.
तिथं त्यानं ते फाडलं होतं.
आत काय आहे ते त्यालाही तिथंच कळलं असणार.
मिठासाठी कातडं थोडं चघळलं होतं,
बाकी टाकून गेला.

रुबाब बराच वेळ उकिडवा बसून त्या भुशाकडे बघत राहिला.
मग चाप उपटून सायकलला बांधला.
मजुरी मागितली नाही.
मीही दिली नाही, हे आता खुपतं.

संध्याकाळी धारेला बसलो तर म्हशीनं लाथ झाडली.
पुन्हा बसलो. पुन्हा झाडली.
पारडू शोधतेय म्हणावं,
तर माझा हात हुंगून मागं सरायची,
दारात कुणी परका उभा असल्यासारखी.
राख. कडुनिंब.
माझ्या हातांना माझा वास नव्हता.

मी मळ्यात गेलो, काड्या पेटवल्या,
चार हिरवी वांगी आरात लोटली,
साल बोटांनीच सोललं, पोळलो,
धूर नखांत जाईल तितका जाऊ दिला.
तंबाखूची चिमूट तळहातावर मळली, खाल्ली नाही.

आणि रात्री, बॅटरी न लावता,
तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो
दोन्ही हात पसरून.
ती हुंगत राहिली.
बादली मी आणलीच नव्हती.